खडूचा हात

पडद्यामागून पुन्हा तो आवाज सुरू झाला. दाताच्या फटीत अडकलेलं काहीतरी कुणी चोखून चोखून काढत बसावं, तसा. खडूकाकांनी हातातला रेझिनचा पाय टेबलावर ठेवला आणि आवाज थांबायची वाट पाहिली.

“काका, त्रास होतोय का हो?” पडद्याआडून धाकट्या बाईंनी विचारलं.

“छे, छे. चालू द्या तुमचं.”

“झालंच. एवढा गुडघा मारते आणि थांबते.”

गुडघा मारते. खडूकाकांच्या तोंडात पाणी जमलं, मळमळीचं. रंग फवारणारा एअरब्रश सुरू झाला की थिनरचा गोडसर वास पडद्याखालून सरपटत येई आणि जिभेच्या मुळाशी जाऊन बसे. मग डब्यातला पहिला घास थिनरचा, दुसराही थिनरचाच. पण त्रास होतोय असं त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यामुळे आता सुरुवात कुठून करायची हे त्यांना कळत नसे.

कारखाना लहानच होता. वैद्यकाच्या शाळा-कॉलेजांना लागणारी शरीराची मॉडेलं तिथं बनत. मधोमध उघडणारी हृदयं, उभी कापलेली डोकी, आणि रोगांनी भरलेले हात-पाय. मागच्या खोलीत ओतकाम चाले, मधल्या खोलीत ओतलेल्या अवयवांच्या शिवणी, म्हणजे साच्याच्या सांध्याच्या रेघा, घासून काढत, आणि पुढच्या, खिडकीच्या खोलीत रंगकाम. खिडकीजवळचं टेबल खडूकाकांचं. तिथं ते इतकी वर्षं बसले होते, की त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कुणाच्या तरी तोंडी येई, आणि तेही अडखळत.

त्यांचं काम खडूचं. पेस्टलचा खडू काचपेपरवर घासायचा, पडलेली पूड मऊ कुंचल्यानं उचलायची, अवयवावर टेकवायची आणि मग बोटानं जिरवायची. शेवटी वॉर्निशचा हलका फवारा. वॉर्निश निम्मा रंग गिळून टाकतं, म्हणून आधी तो डोळ्याला बोचेल इतका गडद लावायचा. किती बोचला म्हणजे पुरे, हे बोटालाच कळतं. त्यामुळे हातमोजे घालायची सोय नव्हती. सध्या फुगलेल्या नसांच्या पायांचं काम होतं, आणि काकांची दहाही बोटं जांभळी होती. साबणानं धुवायचे ते, पण नखांच्या कडांना आणि बोटांच्या रेघांमध्ये जांभळं उरायचंच.

धाकट्या बाई म्हणजे मालकीणबाईंच्या जाऊबाई. पूर्वी त्या मोटरसायकलींच्या टाक्यांवर ज्वाळा आणि गरुड रंगवायच्या. स्वभावानं इतक्या चांगल्या, की त्यांचा राग करणं काकांना जमत नसे. म्हणून ते एअरब्रशचाच राग करत. त्यातून निघालेला पाय कितीही रोगट असो, नुकताच आंघोळ करून, पावडर लावून आल्यासारखा दिसे. कुठं खोलगट नाही, कुठं चिकटलेलं नाही. दुकानाच्या काचेतल्या बाहुलीला ताप आला तर ती अशीच दिसेल, असं त्यांना वाटे आणि अंगावर शहारा येई.

गुडघा मारून झाला तेवढ्यात मालकीणबाई आल्या.

“काका, नर्सिंगच्या शाळेचं काम आलंय. बेडसोरचं, पडून पडून होतात त्या जखमांचं. टाचा, माकडहाडं, खुबे, सगळ्या स्टेजेस. मोठं काम आहे.” त्यांनी पडदा बाजूला सारला. “तू पण ऐक गं. दोघांनी एकेक टाच करायची. पहिल्या स्टेजची, नुसती लाल झालेली. त्यांच्या सिस्टर येऊन बघणार, आणि त्या जी पसंत करतील त्या पद्धतीनं सगळं काम.”

“आणि दुसरी पद्धत?” काकांनी विचारलं.

मालकीणबाईंनी टेबलावरची पूड बोटानं गोळा केली, मग तिचं काय करावं हे न सुचून पुन्हा तिथंच टाकली.

“दोन-दोन पद्धती नाही हो चालवता येत. एक पाय तुमच्या हातचा, एक हिच्या हातचा. कॉलेजवाले म्हणतात, हे दोन वेगळ्या माणसांचे पाय आहेत. तुम्हाला मी काही घरी बसवत नाहीये काका. शिवणी घासायला माणूस हवाच आहे.”

“हो, हो,” काका म्हणाले. “कुणीतरी घासायलाच हव्यात.”

मालकीणबाई गेल्यावर धाकट्या बाई पडद्यातून डोकावल्या. “काका, तुम्हीच जिंकाल. माझ्या टाचेला कुणी औषधसुद्धा लावणार नाही.”

“असं नका म्हणू. तुमचा हात सफाईदार आहे.”

“तेच तर.”

—

घरी दादा वाट बघत होता. दादा म्हणजे काकांचा थोरला भाऊ. उभा जन्म बस चालवली, आणि निवृत्तीनंतर वर्षभरातच डाव्या अंगावरून वारं गेलं. जीभ तेवढी शाबूत राहिली. वहिनी आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही, काकांनी लग्न केलेलं नाही. तेव्हा दोघांचं दोघांनीच बघायचं. बघायचं म्हणजे काकांनी बघायचं आणि दादानं बोलायचं. दुपारी शेजारच्या मावशी डोकावून पाणी पाजून जात, बाकी सगळं सकाळ-संध्याकाळ काकांकडे.

“आलास छोट्या? आज काय, नसाच का?”

“नसाच. हातपाय धुतो, मग तुझं करतो.”

“धू, धू. या घरात मी सोडून सगळं जांभळं झालंय. कपाचा कान, दाराची कडी, उशीचा अभ्रा. परवा मावशी विचारत होत्या, तुमच्याकडे शाई सांडते का म्हणून.”

काकांनी बादली आणली, टॉवेल आणला, आणि रोजच्यासारखा खोल श्वास घेऊन तो आत रोखून धरला. ही त्यांची कुणाला न सांगितलेली गोष्ट होती. जन्मभर त्यांनी गळवं, खरूज, नायटे, सडलेली नखं रंगवली होती. पुवाचा पिवळा कुठं संपतो आणि हिरवट कुठं सुरू होतो यावर दुपारच्या दुपारी घालवल्या होत्या. ते सगळं कोरडं होतं. त्याला वास नव्हता. खऱ्या माणसाच्या ओल्या अंगाची मात्र त्यांना शिसारी येई. दादाच्या मांड्यांमधला घाम, डायपरचा ऊबट वास, पाठीवरून टॉवेल फिरवताना त्याच्याबरोबर सरकणारी सैल कातडी. हात काम करत आणि मान आपोआप खिडकीकडे वळे. आणि मान वळली की त्यांना स्वतःचीच घाण वाटे, मग ते अधिक जोरात पुसत.

“तोंड इकडं कर,” दादा म्हणाला. “मी काय उघडं गटार आहे?”

“तसं नाही रे.”

“तसंच आहे. मलाही माझी घाण वाटते छोट्या. पण मला मान फिरवून कुठं जाता येत नाही.”

काका पुसत राहिले. तोंड उघडलं असतं तर श्वास घ्यावा लागला असता. कंबर झाली, मांड्या झाल्या. मग त्यांनी दादाचा डावा पाय, ज्यात जाणीव नव्हती तो, टाचेला धरून उचलला आणि पायमोजा काढला. टाचेच्या बाहेरच्या बाजूला जांभळा डाग होता. अंगठ्याच्या ठशाएवढा. जिथं ते रोज पाय धरत, बरोबर तिथंच.

“च्च,” काका म्हणाले.

“काय?”

“काही नाही. माझाच खडू. पायाला लागलाय.”

“म्हणजे मीही राहिलो नाही म्हणायचा.”

त्यांनी टॉवेलचं टोक ओलं केलं, टाच घासली. टॉवेलवर जांभळट छटा उतरली. काकांनी ती पाहिली, आणि त्यांचं समाधान झालं. टाचेकडे त्यांनी पुन्हा नीट पाहिलं नाही. टाचेच्या भेगांमधून येणारा आंबूस वास तोवर त्यांच्या रोखलेल्या श्वासातही शिरला होता. त्यांनी पायमोजा चढवला आणि बादली घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी डाग होताच. खडूच तो, रोज नव्यानं लागतो. ते रोज पुसत आणि टॉवेल रोज साक्ष देई.

—

नमुन्याची टाच करायला काकांनी बराच वेळ घेतला. आधी नुसती लाल केली, सांगितली होती तशी. गुलाबी, त्यावर विटकरी, कडांना फिकट. वॉर्निश मारलं, खिडकीत धरली, आणि त्यांना चीड आली. टाच लाजल्यासारखी दिसत होती. धाकट्या बाईंनीही हेच केलं असणार, फक्त अधिक गुळगुळीत. अशा टाचेसाठी खडू कशाला हवा?

त्यांनी सगळं पुसून काढलं आणि पुन्हा बसले. लालाखाली काहीतरी हवं होतं. हात जांभळ्या खडूकडे गेला. मग थोडा तपकिरी, मग पुन्हा जांभळा, मधोमध, आत बुडत गेल्यासारखा. वर कातडी अखंड, आणि खाली काहीतरी बिघडलेलं. हे कुठं पाहिलं असं त्यांनी स्वतःला विचारलं नाही. चांगलं काम होताना ते कधीच काही विचारत नसत. विचारलं की बोट अडखळे. त्यांनी रंग बोचेल इतका जिरवला, त्यावर अजून थोडा, आणि वॉर्निश मारलं. वॉर्निशनं आपला वाटा गिळला. उरलं ते बघून त्यांच्या मानेवरचे केस उभे राहिले.

धाकट्या बाई चहाचा कप घेऊन आल्या होत्या. त्यांनी टाच पाहिली आणि कप खाली ठेवला.

“काका, हे काय केलंत? माझ्या पोटात ढवळलं.”

“खरंच?”

“खरंच. चहा जाणार नाही आता मला. झाकून ठेवा ते.”

त्या कारखान्यात याहून मोठी शाबासकी नव्हती. काकांनी टाचेवर मऊ फडकं टाकलं, आणि तिच्या शेजारी ठेवलेली धाकट्या बाईंची टाच पाहिली. स्वच्छ, लालसर, कुठंही डाग न पडलेली. शिवणींच्या खोलीत आता कोण जाणार, असा एक हलका, गोड विचार त्यांच्या मनात येऊन गेला. त्याची त्यांना लाज वाटली, पण फार नाही.

—

सिस्टर दुपारी आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, आखूड केसांच्या. शिकवायचं काम करणाऱ्या बाईंना असतो तसा त्यांचा आवाज खोलीच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा होता. मालकीणबाईंनी दोन्ही टाचा पांढऱ्या कागदावर ठेवल्या. सिस्टरांनी धाकट्या बाईंची उचलली, फिरवली.

“ही पहिली स्टेज. बरोबर आहे. जरा गोड आहे, पण बरोबर.”

मग त्यांनी काकांची टाच उचलली. ती त्यांनी फिरवली नाही. खिडकीशी नेली आणि तिथंच उभ्या राहिल्या.

“ही कुणी केली?”

“मी,” काका म्हणाले.

“ही पहिली स्टेज नाही.”

मालकीणबाईंनी काकांकडे पाहिलं. “काका, नुसती लाल सांगितली होती ना?”

“थांबा हो,” सिस्टर म्हणाल्या. “यात पहिली, दुसरी असं काही नाही. वरची कातडी शाबूत असते आणि खाली हाडाशी मांस मेलेलं असतं, तेव्हा टाच अशी दिसते. आमच्या मुलींना हे पुस्तकातल्या फोटोत कळत नाही. त्यांना वाटतं मार लागलाय. मी आजवर कुठल्याच मॉडेलमध्ये हे पाहिलं नव्हतं. काम खडूनंच व्हायला हवं, ते ठरलंच. पण मला सांगा, कुणाच्या पायावरून केलंत?”

“कुणाच्या नाही. मनानं केलं.”

“मनानं हा रंग सुचत नाही.”

काका हसले. खडू पसंत पडल्याचा आनंद अजून त्यांच्या चेहऱ्यावर चढतच होता. “नाही हो. आमच्याकडे कोण असणार? घरी भाऊ आहे अंथरुणावर, पण त्याला असलं काही नाही. त्याच्या टाचेला माझ्याच हाताचा खडू लागतो अधूनमधून. तो असाच दिसतो, तेवढंच. त्यावरून आलं असेल डोक्यात.”

सिस्टरांनी मॉडेल कागदावर ठेवलं.

“तो खडू पुसला जातो?”

“पुसतो ना मी. रोज.”

“तुम्ही पुसता का ते नाही विचारलं. जातो का?”

पडद्यामागे कॉम्प्रेसरमधली हवा हळूहळू सुटत होती. काकांना टॉवेल आठवला. टॉवेलवरचा रंग त्यांना लख्ख आठवला, त्याच्या कडेच्या रेघेसकट. टाच आठवेना. टाचेशी पोचेपर्यंत मान नेहमी खिडकीकडे गेलेली असे.

“टॉवेलला उतरतो,” ते म्हणाले.

“टॉवेलला तुमच्या बोटांचा उतरतो.” सिस्टरांचा आवाज आता शेवटच्या बाकापर्यंत जात नव्हता. “घासता का जोरात?”

काकांनी होकारार्थी मान हलवली.

“घरी जा. आधी हात धुवा, ब्रशनं, नखांत काही उरणार नाही तोवर थांबू नका. मग टाच उजेडात धरा आणि डागावर हलकं बोट दाबा. बोट उचलल्यावर तिथं पांढरं व्हायला हवं. नाहीच झालं, तर पुन्हा दाबू नका, घासू तर अजिबात नका. पत्ता देऊन ठेवा, संध्याकाळी येते मी.”

काकांनी पत्ता सांगितला. मालकीणबाईंनी तो लिहून घेतला.

—

न्हाणीघरात त्यांनी भांडी घासायच्या ब्रशनं हात घासले. जांभळं पाणी खाली गेलं, मग फिकट जांभळं, मग स्वच्छ. तरी ते घासत राहिले. कातडी सोलवटून लाल झाली तेव्हा थांबले.

“आज लवकर?” दादानं विचारलं. “हाकललं की काय?”

“नाही. पाय दाखव.”

“मी काय दाखवणार? तूच बघ. तुझ्याच ताब्यात आहे तो.”

त्यांनी पायमोजा काढला. खिडकीचं दार पूर्ण उघडलं. या वेळी श्वास रोखला नाही. डाग तिथंच होता, अंगठ्याच्या ठशाहून बराच मोठा झालेला, मधोमध बुडत गेलेला, कडांना विटकरी. आपलं काय चुकलं ते पाहायला आता त्यांना काही सायास पडले नाहीत. तपकिरीचं प्रमाणसुद्धा बरोबर होतं. त्यांच्या बोटानं सगळं पाहिलं होतं, नीट लक्षात ठेवलं होतं, आणि सुबकपणे रेझिनवर उतरवून शाबासकी मिळवली होती. फक्त त्यांनी पाहिलं नव्हतं.

त्यांनी बोट दाबलं. उचललं. पांढरं झालं नाही.

ते न्हाणीघरात गेले आणि ओकले. दादाच्या पायाची किळस त्यात नव्हती, हे त्यांना ओकतानाच कळलं. तो पाय बिचारा निमूट होता. किळस होती ती त्या मऊ फडक्याची, ज्याखाली त्यांनी दुसरी टाच अलगद झाकून ठेवली होती.

“काय झालं रे?” बाहेरून दादा ओरडला. “इतका का वास येतोय माझा?”

“तुझा नाही.”

“मग?”

काका तोंड पुसत बाहेर आले. पलंगाच्या पायथ्याशी बसले. “दादा, तुझ्या टाचेला जखम होतेय. आतून. मला तो खडू वाटला.”

दादानं उजव्या हातानं पलंगाची कड धरली, बस चालवताना पुढं रस्ता अडला की स्टिअरिंग धरत असेल तशी.

“किती दिवस?”

“बरेच.”

“आणि तू रोज घासत होतास.”

“हो.”

“मला कळायला हवं होतं,” दादा म्हणाला. “पण तो पाय माझ्याशी बोलतच नाही. तुझ्याशीच काय तो बोलत असेल.”

संध्याकाळी सिस्टर आल्या. टाच पलंगाला टेकणार नाही अशी पोटरीखाली घडी घालायला त्यांनी शिकवलं, कूस कधी बदलायची ते सांगितलं, डॉक्टरांना बोलावून घेतलं. काकांना एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं, असं काकांना वाटत राहिलं. जाताना दारात मात्र म्हणाल्या, “तुमची ती टाच शाळेला हवी आहे. बाकी सगळं काम तुमच्याच हातानं व्हायला हवं.”

—

काही दिवसांनी काका कामावर गेले. मालकीणबाई दारातच भेटल्या.

“भावाचं कसं आहे?”

“बघू म्हणतायत. कोरडं राहिलं तर पाय राहील.”

“राहील हो. तुम्ही आलात ते बरं झालं. सगळ्या टाचा ओतून तयार आहेत. तुमच्या टेबलावर लावून ठेवल्यात.”

“धाकट्या बाईंना द्या त्या.”

“म्हणजे?”

“एअरब्रशनं करू. मलाही शिकवा म्हणावं. नाही जमलं, तर शिवणी घासतो.”

मालकीणबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. “काका, असं काय करता? तुमच्या खडूची निवड झालीय. मी स्वतः ऐकलंय. इतक्या वर्षांचा हात आहे तुमचा.”

“हाताचाच प्रश्न आहे,” काका म्हणाले. “खडूला मोजे चालत नाहीत. आणि माझ्या हाताला रंग असला, की मला घरी काय खरं ते कळत नाही.”

मालकीणबाईंनी पडदा बाजूला सारून त्यांना आत सोडलं.

पडद्यामागची जागा बुटक्या माणसासाठी केल्यासारखी होती. धाकट्या बाईंनी त्यांना मोजे दिले, मास्क बांधला, एअरब्रश हातात दिला. मोज्यातलं बोट म्हणजे मेलेलं बोट. त्याला काही कळत नव्हतं. पहिल्याच टाचेवर त्यांनी रंग एका जागी इतका सोडला, की तो कोळ्याच्या पायांसारखा चहूकडे धावत सुटला. ओला, चकचकीत, लाल. काकांनी झटकन हात मागे घेतला.

“लांबून, काका. आणि थांबायचं नाही एका जागी. हात चालता ठेवा.”

“जवळ गेल्याशिवाय कळत कसं तुम्हाला?”

“नाहीच कळत. अंदाजानं मारायचं. माझ्या टाक्यांवरचे गरुड तर सगळे एकाच तोंडाचे असायचे.”

काका मास्कच्या आत हसले, आणि हसताना श्वासाबरोबर थिनर आत गेला. तो वास त्यांना शेवटपर्यंत सोसला नाही. पण जमायला लागलं. लाल टाचा लाल झाल्या, फोड आलेल्या फोडांच्या दिसू लागल्या. ती जांभळी, आत बुडत जाणारी टाच मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिली, आणि दर वेळी ती कुणीतरी शाई सांडल्यासारखी झाली. सिस्टर काम घ्यायला आल्या तेव्हा ती हातात घेऊन थोडा वेळ उभ्या राहिल्या.

“शाळेत नेली त्या पहिलीसारखी नाही झाली.”

“नाही,” काका म्हणाले.

“शिकण्यापुरती चालेल,” त्या म्हणाल्या, आणि ती टाच त्यांनी बाकीच्यांबरोबर खोक्यात ठेवली.

खिडकीजवळच्या टेबलावर आता ओतलेले अवयव सुकायला ठेवत. जुने खडू काकांनी धाकट्या बाईंच्या मुलीला दिले. तिनं ते अंगणातल्या फरशीवर चित्रं काढून संपवले.

घरी आल्यावर काका आता आधी दादाकडे जात. मोज्यांमुळे पांढरे पडलेले, सुरकुतलेले हात घेऊन पलंगाच्या पायथ्याशी बसत आणि खिडकी उघडत. वास येई. तो येऊ देत. टाचेवर आता खपली धरली होती, कडक, कोरडी. डॉक्टर म्हणाले होते, तिला हात लावायचा नाही, नुसतं रोज बघायचं. ओल दिसली तर लगेच कळवायचं. म्हणून ते बघत. कडेपासून सुरुवात करून, सावकाश, सगळीकडे.

“काय म्हणतोय पाय?” दादानं विचारलं.

“कोरडा आहे.”

“रंग?”

“काळा.”

“काळा म्हणजे कुठला? तुझ्याकडे तर काळेसुद्धा चार-चार तऱ्हेचे असायचे. कुणाला धड काळा म्हणू द्यायचा नाहीस. कोळशाचा वेगळा, जळक्याचा वेगळा.”

काकांनी पाय उजेडाकडे जरासा वळवला.

“नुसता काळा आहे रे दादा,” ते म्हणाले, आणि पोटरीखालची घडी सारखी केली.